गप्प बसणारा ब्राउझर

माझे सासरे सत्तावीस वर्षं फौजेत होते. तेवढ्या वर्षांत आपल्या चौकीवर एकही अनोळखी माणूस आत येऊ दिला नाही, असं ते स्वतः सांगतात. आणि निवृत्त झाल्यावर लॅपटॉपवर त्यांनी एकालाही बाहेर ठेवलं नाही, असं मी सांगते.

त्यांचं नाव भाऊसो, हुद्दा सुभेदार, वय एकोणसत्तर. घरात आम्ही त्यांना आबा म्हणतो. मी क्रांती, त्यांची सून. पलूसमधल्या एका शाळेत संगणक शिकवते. अनोळखी साइटनं काही मागितलं तर देऊ नका, हे मी सहावी ते दहावीच्या पोरांना दरवर्षी घसा कोरडा होईपर्यंत सांगते. शाळेतली दोनशे पोरं ऐकतात. घरातला एक सुभेदार ऐकत नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आमच्या सोप्यात, खिडकीशेजारच्या टेबलावर होता.

लॅपटॉप माझ्या नवऱ्याचा, वीरधवलचा. तोही फौजेत, हवालदार. मागच्या सुट्टीत त्यानं तो आबांना कुस्त्या बघायला देऊन टाकला. त्यात इंटरनेट बघायचा ब्राउझर चांगला होता, पण आबांना माजी सैनिकांच्या कट्ट्यावर कुणीतरी दुसराच सुचवला. म्हणे त्यात कुस्तीचे व्हिडिओ फुकटात उतरवून घेता येतात. त्या ब्राउझरचं नाव मी आधी कधी ऐकलं नव्हतं. बनवणारा कोण, कुठला, काही पत्ता नाही. फुकट ते पौष्टिक, म्हणून आबांनी तो घातला.

मग सुरू झाली पाहुण्यांची वर्दळ. कुठलीही साइट उघडली की ती विचारते, मी तुम्हाला सूचना पाठवू का? खाली दोन बटणं असतात, "अनुमती द्या" आणि "ब्लॉक करा". आबांनी दुसऱ्या बटणाला आयुष्यात हात लावला नव्हता.

"आबा, ह्या तेलवाल्याला कशाला अनुमती दिली?" मी विचारायची.

"इचारत हुता."

"विचारलं म्हणून द्यायची?"

"न इचारता घुसला तर हाणावा. परवानगी मागून आत येतोय त्येला काय अडवायचं? आपल्या घराची रीत न्हाई ती."

दर पाच मिनिटांनी पडद्याच्या कोपऱ्यातून कुणीतरी डोकावायचं. गुडघ्याचं तेल, पत्त्यांचा डाव, उद्याचं राशिभविष्य, "तुमच्या संगणकात पाच व्हायरस सापडले". आबा प्रत्येक सूचना वाचायचे, हसायचे आणि एकेकाला निरोप द्यावा तशी फुली मारायचे. पाच मिनिटांनी तो परत हजर.

एकालाच मात्र त्यांनी दारात ताटकळत ठेवलं होतं, अपडेटला. लॅपटॉप बिचारा रोज सांगायचा, नवीन दुरुस्त्या आल्यात, एकदा बंद करून चालू करा. आबा म्हणायचे, "उद्या." कारण एकदा ऐन कुस्तीत, पैलवानानं पट काढला आणि त्याच क्षणाला अपडेटनं पडदा काळा केला. त्या दिवसापासून वैर. घरचा वैद्य दाराबाहेर आणि चोर माजघरात, असा सगळा कारभार.

पासवर्डचं तर बोलायलाच नको. सगळीकडे एकच, त्यांचा फौजेतला नंबर. तो नंबर त्यांच्या काळ्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगात, उंबऱ्यातून वाचता येईल एवढ्या मोठ्या आकड्यांत लिहिलेला आहे. ट्रंक सोप्यात आहे. आमच्या दूधवाल्यालाही तो पाठ असावा.

मी यावरून खूप भांडले. चिडून एकदा म्हणाले, "एक दिवस पस्तावाल." ते शब्द माझ्या तोंडून गेले याचं मला अजून वाईट वाटतं.

जानेवारीतला शनिवार होता. शाळा सकाळची. वीरधवलची पलटण लडाखला होती. मागच्या रविवारच्या आधीच्या रविवारी त्याचा फोन आला होता. म्हणाला, "वरच्या चौकीवर चाललोय, दहा-बारा दिवस फोन न्हाई. काळजी करू नगा." असं नेहमीच व्हायचं. काळजी करू नका म्हटल्यावर आम्ही काळजी करायचो, पण एकमेकांना दाखवायचो नाही. फौजेतल्या माणसाच्या घरात हे सवयीनं जमतं.

बाराला मी घरी आले. आबा फडाकडं गेले होते, आमच्या उसाला तोड आली होती. सासूबाई, म्हणजे रंगूबाई, ज्यांना मी आत्या म्हणते, परसात ज्वारी निवडत पाठमोऱ्या बसल्या होत्या. मी हाक मारली, त्यांनी मान न वळवता "आलीस का" म्हटलं. शाळेचा एक फॉर्म भरायचा होता, म्हणून मी लॅपटॉपसमोर बसले. आबांनी तो रात्रीपासून चालूच ठेवला होता.

कोपऱ्यात एक चौकोन उगवला.

"मोठी बातमी. सांगली-साताऱ्याचा जवान लडाखमध्ये बर्फाखाली. नाव ऐकून गाव हळहळलं. नाव आणि फोटो पाहण्यासाठी दाबा."

खाली लिहिलं होतं, दोन तासांपूर्वी.

मी दाबलं. वर्गात पोरांना सांगते ती बाई त्या खुर्चीत नव्हती, वीरधवलची बायको होती. एक पान उघडलं. वर तीच ओळ, तीच वेळ, खाली बर्फाचा फोटो, तिरंगा, रडणारी माणसं, पण नाव नाही. मधोमध पाटी होती, "पुढे वाचण्यासाठी अनुमती द्या." दिली. आबांना वर्षभर ज्यावरून बोलले ते बटण मी एका सेकंदात दाबलं. मग दुसरी पाटी आली, "तुमचा ब्राउझर जुना आहे. व्हिडिओ पाहण्यासाठी हा प्रोग्राम घाला." खाली हिरवं बटण. मला कळत होतं की हे खोटं आहे. हे दाबलं तर अख्खा लॅपटॉप कुणाच्या तरी हातात जाईल, हेही कळत होतं. आणि तरी माझं बोट त्या बटणावर होतं, कारण पलीकडे एक नाव होतं आणि मला ते वाचायचं होतं. शिवांजलीला काय सांगायचं, एवढंच डोक्यात फिरत होतं. शिवांजली आमची लेक, कराडला वसतिगृहात राहून शिकते.

"क्रांती, पाणी दे गं," म्हणत आबा दारातून आत आले.

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग पडद्याकडं. पायातल्या वहाणा तशाच ठेवून ते जवळ आले आणि चष्मा न लावता, डोळे बारीक करून त्यांनी ती ओळ वाचली. परत वाचली.

"हात काढ तिथनं," ते म्हणाले.

मी हात काढला.

"आत्या परसात हायत," मी कुजबुजले. "त्यांना कळू द्यायचं न्हाई."

"न्हाई कळू द्यायचं." ते ट्रंकेवर बसले. आवाज एकदम हळू, पण स्पष्ट. "ऐक माजं. तालुक्यात चार घरी मी अशी बातमी घिऊन गेलोय. माजी सैनिकांच्या संघटनेतर्फे पाठवत्यात. दोघं जातो आमी, एकटा कवा जात न्हाई. त्येच्या आदी पोलीस पाटलाला फोन. मग घरातल्या थोरल्या गड्याला बाजूला घ्यायचं. बायकांला मागनं. कुणाच्या घरात ती बातमी गुडघ्याच्या तेलाखाली येत न्हाई."

"पण आली असंल तर?"

"तर पाटलाला ठावं आसंल."

पोलीस पाटील लालासाहेब म्हणजे आमच्या शेजारच्या गल्लीतले. आबांनी खिशातून फोन काढला.

"लालासाहेब, कॅनॉलचं पाणी कवा सुटतंय रं?" आबांनी विचारलं.

पलीकडून लालासाहेब बोलत राहिले. पाणी, मग पाटबंधाऱ्याच्या साहेबाला शिव्या, मग जावयाची नवी गाडी. आबा हं हं करत होते. फोन ठेवून ते म्हणाले, "त्येच्या आवाजात काय न्हाई. त्येला म्हाईत आसतं तर त्यो माज्यासंगं एवढं बोलला नसता. फोनच उचलला नसता."

मला थोडा श्वास आला. आता कुठं डोकं चालायला लागलं. मी माझा मोबाईल घेतला आणि दोन-तीन चांगल्या वर्तमानपत्रांची पानं उघडली. लडाखची कसलीच बातमी नव्हती. मग त्या लॅपटॉपवरच्या पानाचा पत्ता नीट वाचला. एका वर्तमानपत्रासारखं नाव, पण मध्ये एक अक्षर जास्त, पुढं चार आकडे आणि शेवटी कधी न बघितलेलं शेपूट. पान परत उघडलं. तरीही "दोन तासांपूर्वी"च. मध्ये वीस मिनिटं गेली होती, त्याला पत्ता नाही.

"आबा, हे रोज दोनच तासांपूर्वी घडत असणार," मी म्हणाले. "बर्फाचा फोटोही कुठला तरी जुना उचललेला दिसतोय. आपण कुठल्या भागातले ते ह्यांना कळतं, म्हणून सांगली-सातारा लिहिलंय. कोल्हापुरात उघडलं तर कोल्हापूरचा जवान म्हणत असतील. ह्या भागात घरटी एक माणूस फौजेत. कोण न दाबता राहील?"

"म्हंजे खोटं हाय."

"खोटं हाय."

खोटं आहे हे डोक्याला पटलं होतं. पोटाला पटलं नव्हतं.

"बशीरला लावतो," आबा म्हणाले.

बशीरभाई कराडचे, आबांच्याच पलटणीतले, तिकडं आता मुलाचं हार्डवेअरचं दुकान बघतात. पलटणीच्या तळावर जवानांच्या घरच्यांचं बघणाऱ्या सुभेदाराचा नंबर त्यांच्याकडं असतो, कारण त्यांचा दुसरा मुलगा कैफही वीरधवलच्याच पलटणीत आहे. त्यांच्याशी आबांनी पाण्याचा विषय काढला नाही. सरळ सांगितलं. पलीकडून बशीरभाई एवढंच म्हणाले, "भाऊसो, फोन मोकळा ठेव."

ती पंचवीस मिनिटं मी सांगू शकत नाही. आबा ट्रंकेवर ताठ बसून होते. मी उगाच टेबल पुसलं. परसातून सुपाचा आवाज येत होता, तेवढाच.

फोन वाजला. नंबर अनोळखी. आबांनी स्पीकरवर टाकला.

"आबा!" वीरधवलचाच आवाज, आणि तो भयंकर चिडलेला. "काय झालंय? कालच खाली आलोय, दाढी करत हुतो. सुभेदारसाहेबांनी धावत बोलावलं, घरनं अर्जंट हाय म्हणून! अर्ध्या तोंडाला साबण हाय माज्या!"

मी खुर्चीत बसले ती बसलेच. रडू आलं, हसूही आलं, दोन्ही एकदम आलं आणि आवाज होऊ नये म्हणून मी पदर तोंडात कोंबला. जिवंत माणूस इतका चिडतो, आणि त्याचं चिडणं इतकं गोड लागतं, हे मला चाळिसाव्या वर्षी कळलं.

आबांनी दोनदा घसा खाकरला. "काय न्हाई रं. ते... लॅपटॉपचा पासवर्ड इसरलो."

मग वीरधवल म्हणाला, "काय इसरला?"

"पासवर्ड."

"आबा, पासवर्ड तुमचा नंबर हाय."

"व्हय. त्योच इसरलो."

"तुमी? तुमचा नंबर?" आता त्याचा आवाज बदलला. फौजी माणूस लग्नाची तारीख विसरेल, पोरांची नावं उलटसुलट घेईल, नंबर विसरणार नाही. झोपेतून उठवून विचारला तरी सांगेल. "आबा, खरं सांगा. तब्येत बरी हाय न्हवं? क्रांती, आबांना काय झालंय?"

"काही झालं न्हाई," मी पदर काढून म्हणाले. "वय झालंय त्यांचं. ट्रंकेवर बसलेत, म्हणून नंबर दिसंना."

तो हसला. हजारो किलोमीटरवरून त्याचं हसणं सोप्यात पसरलं. तेवढ्यात मागच्या दारातून आत्या आल्या. हात लुगड्याला पुसत त्या फोनजवळ वाकल्या आणि म्हणाल्या, "जेवलास का?"

"जेवतो आता, आई."

"जेव." एवढं बोलून त्या परत परसात गेल्या. मला वाटलं, बरं आहे, ह्यांना काहीच कळलं नाही. लेकाचा फोन आला, जेवण विचारलं, संपलं.

फोन ठेवल्यावर आबांनी बशीरभाईंना कळवलं. मग डोळे पुसले, उघड पुसले, आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "आता काय करायचं ते कर. समद्यास्नी बाहेर काढ."

इतक्या हलक्या मनानं मी आयुष्यात कुठलं काम केलं नसेल. आधी इंटरनेट तोडलं. मग आबांचा तो लाडका ब्राउझर उघडून अनुमती दिलेल्यांची यादी काढली. एकोणपन्नास नावं. त्यांतलं शेवटचं माझ्या हातून आत आलेलं.

"आबा, हा कोण?"

"त्यो मिरजेचा वैद्य. गुडघ्याचं सांगतो."

"हा?"

"ते पंचांग. वाईट न्हाई, गरीब हाय."

"आणि ही? 'एकट्या राहणाऱ्या स्त्रिया तुमच्या गावात'?"

आबांनी चष्मा काढून पुसायला घेतला. "ती... चुकून आली आसंल."

"गावात एकटी राहणारी फक्त राहीबाई म्हातारी हाय, आबा. ब्याऐंशी वर्षांची."

आबा इतके हसले की खोकला लागला. मीही हसले. एरवी ह्याच यादीवरून मी घर डोक्यावर घेतलं असतं. त्या दुपारी मला ती एकोणपन्नास भुरटी माणसं दिसत होती, आणि त्यांच्यातलं एकही आमच्या घरातलं काही नेऊ शकलं नव्हतं. हिरवं बटण मी दाबलं नव्हतं. आबा पाणी मागत आले नसते तर दाबलं असतं, हेही मी त्यांना सांगून टाकलं. ते म्हणाले, "आता मला बोलशील का?" मी म्हणाले, "एक महिना न्हाई बोलणार."

तो ब्राउझर मुळापासून काढला. त्यानं आपल्यासोबत आणलेली दोन पिल्लं होती, तीही काढली. लॅपटॉप तपासून घेतला, काही सापडलं नाही. मग इंटरनेट परत जोडून दारात ताटकळलेल्या अपडेटला पाट-पाणी दिलं. तो तासभर चालला. आबा मधे मधे येऊन बघायचे आणि म्हणायचे, "लय उपाशी हुतं की गं हे."

मग प्रश्न आला, नवा कुठला घ्यायचा. मी चार नावाजलेल्यांची चित्रं दाखवली. एक रंगीत चक्र, एक निळी लाट, एक सिंहाचं तोंड आणि एक कोल्हा.

आबांनी भरतीला आलेल्या पोरांना विचारावं तसं विचारलं. "बनवणारा ठावा हाय का? चुकलं तर दुरुस्ती कोण करतं? कितीदा करतं?"

हे प्रश्न ऐकून मी चाटच पडले. नववीच्या पुस्तकात जे दोन पानांत लिहिलंय ते ह्यांनी तीन वाक्यांत विचारलं होतं. मी सांगितलं, चौघांचे बनवणारे माहीत आहेत, चौघांची दुरुस्ती सतत होत असते, फक्त ती होऊ द्यायची, उद्या म्हणायचं नाही. आणि ज्याचा त्याच्या स्वतःच्या साइटवरूनच आणायचा, कट्ट्यावरून नाही.

"कोल्हं नगं," आबा म्हणाले. "फडात कमी हायत व्हय? समदा ऊस खात्यात."

"सिंह घेऊ?"

"सिंह सांभाळायला लय जातंय."

तेवढ्यात आत्या चहा घेऊन आल्या. एरवी त्या लॅपटॉपकडं ढुंकून बघत नाहीत. त्या दिवशी उभ्या राहिल्या, चारी चित्रं बघितली आणि म्हणाल्या, "ह्यातला गप्प बसणारा कंचा?"

"म्हंजे?"

"आपणहून काय बोलत न्हाई आसा. इचारलं तर सांगंल, न इचारता तोंड उघडणार न्हाई. तसला घ्या."

आबा म्हणाले, "आगं, ही ब्राउझरची चौकशी हाय, जावयाची न्हवं." मीही हसले. पण आत्यांचं म्हणणं मला पटलं. मी म्हणाले, कुठलाही गप्प बसवता येतो. सेटिंगमध्ये एक जागा आहे, तिथं सांगून ठेवायचं की कुठल्याही साइटनं सूचनेसाठी विचारायचंच नाही. मला कोल्ह्यात ती जागा डोळे मिटून सापडते, कारण शाळेत तोच आहे. शेवटी कोल्हाच आला. आपल्या फडातला नाही ना, मग चालेल, असं आबांनी स्वतःला समजावलं.

पासवर्डही बदलले. पेन्शनचा, ईमेलचा, सगळे वेगवेगळे. प्रत्येकाला एकमेकांशी संबंध नसलेले चार-चार शब्द घ्या, म्हटलं, आणि मला सांगू नका. "तुला तर सांगणारच न्हाई," आबा म्हणाले आणि हातानं कीबोर्ड झाकून एका बोटानं टायपायला बसले. पहिल्या शब्दालाच पाच मिनिटं लागली, पण चेहऱ्यावर चौकीवरचा पहारेकरी परत आलेला होता. सगळे बदलून होईपर्यंत ऊन टेबलावरून खाली उतरलं होतं.

ह्या सगळ्यात दुपारचं जेवण कुणाला आठवलंच नव्हतं. संध्याकाळी भाकरी टाकायला म्हणून मी स्वयंपाकघरात गेले. चुलीशेजारी मोठी दुरडी होती, वर पांढरं फडकं. उचलून बघितलं तर भाकरी. मी मोजल्या नाहीत, पण तीसेक तरी असतील. आम्ही तीन माणसं. शेजारी पातेलंभर झुणका, शेंगदाण्याची चटणी. पिठाचा डबा उघडला तर रिकामा.

"आत्या," मी हाक मारली, "कोण येणार हाय? एवढ्या भाकरी कशाला?"

आत्या दारात उभ्या होत्या. "कोण न्हाई," त्या म्हणाल्या. मग आत येऊन चुलीपाशी बसल्या. "सकाळी टेबलावर फडकं मारत हुते. कोपऱ्यात आलतं ते. मी वाचलं."

माझ्या हातातलं फडकं खाली पडलं. आत्या चौथी शिकलेल्या. हळू वाचतात, एकेक अक्षर लावून, पण वाचतात. त्यांना कळू द्यायचं नाही म्हणून आम्ही दोघं कुजबुजत बसलो होतो, आणि त्या आमच्या तीन तास आधीपासून ते पोटात घेऊन बसल्या होत्या.

"मग सांगितलं का न्हाई, आत्या?"

"कुणाला? तू शाळंत. ह्यास्नी बीपी. आन् सांगून काय करायचं हुतं? खरं आसलं तर माणसं येतीलच." त्या राखेत काडीनं रेघा ओढत होत्या. "मग चूल इझती घराची. लोक आणून देत्यात, पर त्यो घास गिळत न्हाई कुणाला. तू सकाळपासनं उपाशी. शिवांजली कराडासनं तशीच यील. म्हटलं, माणसं यायच्या आदी भाकरी करून ठिवाव्या. कोरभर तरी खाल तुमी. करत बसले. पीठ सपलं तवा थांबले."

मी त्यांच्या शेजारी खालीच बसले. त्यांचा हात हातात घेतला, तर नखांच्या कडांना पीठ अजून सुकलेलं होतं. मग मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. आत्या रडल्या नाहीत. माझ्या पाठीवर थापटत राहिल्या, भाकरी थापतात तसं.

आबा केव्हा दारात येऊन उभे राहिले कळलं नाही. त्यांनी सगळं ऐकलं असावं. ते म्हणाले, "रंगू, माजं चुकलं. आता कुणाला आत घेत न्हाई मी."

"माणसास्नी घ्या की," आत्या म्हणाल्या. "माणसास्नी कुटं नगं म्हणतेय मी?" आणि माझ्या डोक्यावर टपली मारली. "उठ. तोंड धू. चूल पेटव."

"आता कशाला, आत्या? सगळं तर तयार हाय. पीठसुद्धा न्हाई घरात."

"रवा हाय. शिरा करू."

"उद्या करू की. दमलाय तुम्ही."

"उद्याचं उद्या. आज ह्या घरात चूल पेटलेली मला बघायची हाय."

मी काटक्या रचल्या आणि काडी ओढली. आत्या खाली वाकून जाळ धरेपर्यंत फुंकत राहिल्या.